दुखवट्याचं वर्ष आणि दाव्याची मुदत

महानंदाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पिकोच्या मशीनवर साडी लावायची, वीतभर शिवायची, की उठून दारात. बंगळूरच्या बनशंकरीतल्या त्या गल्लीत ही बाई स्वस्थ बसलेली कुणी पाहिली नव्हती म्हणा; पण ही तगमग वेगळी होती.

तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा बसवंत कामावरून येताना गल्लीच्या तोंडाशी गटारात पडला आणि गेला. ‘झाकण जागेवर होतं, माणूस पिऊन होता, त्यानंच ते सरकवलं,’ असं सरकारी अहवालात आलं. पिऊन! अहो, त्या माणसाला आंबट ताकसुद्धा चालत नसे. पण पुरावा मात्र काहीच नव्हता.

आणि परवा ब्लाऊज द्यायला ती शेजारच्या गंगव्वाकडे गेली, तर पाहुण्यांसाठी टीव्हीवर वास्तुशांतीचा व्हिडिओ चालू. बसवंत गेला त्याच दिवशी सकाळी झालेली गंगव्वाच्या घराची वास्तुशांत. दारात आरती चाललीय, आणि मागे सरकारी माणसं गटाराचं झाकण काढून, तसंच उघडं टाकून गाडीत बसतायत. गंगव्वानं तो कितीदा लावला असेल. पण स्वतःचा शालू बघायचा सोडून गटार कोण बघतं?

दोघी जे. पी. नगरला वकीलबाईंकडे गेल्या. रंजिता त्यांचं नाव, ह्या दोघींसारख्याच बेळगावकडच्या.

“अक्का, दाव्याची मुदत केव्हाच संपलीय,” त्या म्हणाल्या. “पुरावा आधी मिळण्यासारखाच नव्हता, हे पटलं तर कोर्ट ऐकेल. आधी बघता आला असता का?”

“छे! हिला माहीतच नव्हतं,” गंगव्वा घाईनं म्हणाली. “मी दाखवलाच नाही.”

गंगव्वा महानंदासाठीच खोटं बोलत होती. एक हो म्हटलं की बसवंताच्या नावावरचा डाग पुसायची वाट मोकळी. ती पदराचं टोक पिळत राहिली.

“नको गंगक्का,” ती शेवटी म्हणाली. “तू व्हिडिओ बघायला बोलावलं होतंस तेव्हाच. दुखवट्याचं वर्ष, मंगलकार्य कसं बघू, म्हणून मीच आले नाही. पुढं विषयच निघाला नाही. त्यांच्यावर एक खोटं सरकारनं लावलंय, त्यात माझी भर नको.”

“दावा दारातच फेटाळतील, अक्का.”

“फेटाळू देत. पण तोंडावर सांगू देत मला, की नवऱ्याचा दुखवटा पाळलास ही तुझी चूक झाली.”