बंद खोलीतला शेक

मिरजेहून निघाले तेव्हा लग्नाला जेमतेम तीन महिने झाले होते, तरी आईने माझ्या बॅगेत ओव्याच्या आणि बाळंतशोपांच्या पुड्या कोंबल्याच. मी लाजेने चिडले. "तिकडे मिळायचं नाही," एवढंच ती म्हणाली. एसटी हलली तरी खिडकीचा गज धरून ती चालत होती आणि तिच्या सूचना चालूच होत्या. कानाला वारा लागू देऊ नकोस, ओल्या केसांनी हिंडू नकोस. रडली मात्र नाही. मीही नाही. दोघी सारख्याच हट्टी.

दोन वर्षांनी त्या पुड्या उघडायची वेळ आली. ॲटलांटाजवळच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये माझी मुलगी जन्मली आणि आईच्या पत्रांतून सूचना सुरू झाल्या. "मी नाही, तर तूच कर. पण शेक-शेगडी चुकवू नकोस, जन्माची कंबर धरेल." बाजेखाली निखारे, त्यावर ओवा आणि बाळंतशोपा, आणि वर बाळंतीण आणि बाळ. आमच्या घरातली प्रत्येक बाई यातून गेली होती. मी इथे हीटर लावून वेळ मारून नेत होते आणि मनात खंतावत होते.

मुलगी सव्वीस दिवसांची असताना ते आइस स्टॉर्म आलं. तुम्ही तिकडेच राहिलात, तुम्हाला वाटेल, बर्फ म्हणजे कापूस. हा पाऊसच होता, पण पडेल तिथे गोठत होता. झाडं काचेची झाली आणि मोडू लागली, त्यांच्याबरोबर तारा गेल्या. आमचं सगळं घर इलेक्ट्रिकवर: हीट, स्टोव्ह, गरम पाणी. फोनही बंद. माझा नवरा श्रीकांत कार हायवेवर टाकून तीन तास चालत घरी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघत होती आणि पोरीचे पाय काही केल्या गरम होईनात.

तेव्हा मला बाल्कनीतली बार्बेक्यूची शेगडी आठवली. कोळशांची अर्धी पिशवीही होती. श्रीकांत म्हणाला, "अगं, घरात वापरू नका असं पिशवीवर लिहिलंय."

"माझ्या आईने पाच बाळंतपणं निभावलीत. तुझ्या त्या पिशवीने किती निभावली?"

तो काडेपेटी शोधायला गेला. माझ्यापुढे तो नेहमी नमतंच घेतो, आणि त्या दिवशी तेच नडलं.

बाहेर पेटवून, निखारे फुलल्यावर शेगडी बेडरूममध्ये आणली. खिडकीच्या फटींना टेप लावली, दाराखाली टॉवेल कोंबला. निखाऱ्यांवर ओवा टाकला आणि तो वास आला. काय सांगू तुम्हाला! दोन वर्षांत पहिल्यांदा मला आपल्या माणसांत असल्यासारखं वाटलं. पोर उबेला शांत झोपली. माझं डोकं ठणकू लागलं, पण बाळंतिणीचं डोकं दुखतंच. मग इतकी छान सुस्ती आली की हलावंसंच वाटेना.

दारावर धडाधड थापा पडल्या म्हणून आम्ही उठलो. शेजारच्या मिस रूथ, सत्तरीच्या बाई, त्यांच्या कॅम्पिंगच्या स्टोव्हवर केलेली कॉफी घेऊन आल्या होत्या. दार उघडताना श्रीकांत गुडघ्यांवर कोसळला. त्या तशाच आत घुसल्या, शेगडी पाहिली, आणि माझी पोर उचलून थेट बाल्कनीत गेल्या. त्या वाऱ्यात, बिनटोपड्याची! मी मराठीतच ओरडत त्यांच्या अंगावर धावले, त्यांचा हात ओरबाडला. "हे विष आहे, हनी," त्या म्हणत होत्या. "विष आहे." पोरीची मान लुळी पडली होती. त्यांनी तिचे तळवे चोळले, गालावर टिचक्या मारल्या. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग ती रडली, बारीक, चिरक्या आवाजात.

मिस रूथच्या गाडीतून, गोठलेल्या रस्त्याने कसंबसं हॉस्पिटल गाठलं; तिथे तिला दोन दिवस ऑक्सिजनवर ठेवलं. वाचली. डॉक्टर रागावले नाहीत, फक्त हे कुठे शिकलात असं विचारलं. मिरजेच्या कौलारू घरात सगळीकडून वारा यायचा, म्हणून ती शेगडी चालायची, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. आईचं काही चुकलं नव्हतं. पण तिचं ऐकून मी पोर घालवणार होते, हेही तितकंच खरं.

पंधरा दिवसांनी आईचं पत्र आलं: शेक चालू आहे ना? मी खिडकी दोन बोटं उघडी ठेवून टेबलाशी बसले. त्याआधी मी तिला सगळं लिहायची, श्रीकांतशी झालेली भांडणंसुद्धा. त्या दिवशी लिहिलं, "हो, रोज घेते. दोघी मजेत." आईने ते पत्र गल्लीभर वाचून दाखवलं, लेकीने अमेरिकेतही रीत सोडली नाही म्हणून. ती गेली तोवर तिला तेच खरं वाटत होतं.

मुलगी आता मोठी झालीय, मिस रूथला ग्रॅनी म्हणते, आणि काही बिनसलं की मी आधी त्यांचंच दार वाजवते. मिरजेला अजून जाते, भावाकडे राहते, सगळे प्रेमाने करतात. पण माझं ते घर एसटी हलली तेव्हा सुटलं नव्हतं. "दोघी मजेत" असं लिहिलं, तेव्हा सुटलं.