टेपची हलणारी पत्ती

मंडळी, सकाळपासून जिवाला चैन नाही.

आमचे सुतार रफिकचाचा कपाटात फळी बसवायला आले होते. ते चहा पीत असताना मला त्यांच्या मापाच्या टेपची टोकाची पत्ती हलताना दिसली. मदत म्हणून मी हातोडीचे दोन ठोके घालून ती पक्की केली.

फळी अर्धं सूत, म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर, आखूड पडली. चाचा डोळे चोळत म्हणाले, "नजर गेली वाटतं माझी," आणि दौलताबादच्या कामाला निघून गेले.

मग घरातली नवी टेप पाहिली. तिचीही पत्ती हलते! स्वतःच्या जाडीएवढीच सरकते, म्हणून आत टेकवा की बाहेर अडकवा, माप बरोबर येतं.

चाचा फोन उचलत नाहीत. तिथं दुसऱ्याची चौकट कापत असतील, डोळ्यांना दोष देत असतील.

नवी टेप घेऊन निघालोय. सांगा, त्यांना पहिलं वाक्य काय बोलू?