हात केला की गाडी थांबते

पोरींनो, किनवटच्या हॉस्टेलातल्या सगळ्या, अन् ज्या माझ्यासारख्या लांब उडून गेल्या त्यापण, ऐका!

मी निघाले त्या दिवशी माझी नांदेडची एसटीच सुटली होती. माय चटणीचा डबा आणायला माघारी पळाली अन् उशीर झाला. गाडी फाट्यावरून वळून राहिली, तर माय भर रस्त्यात हात वर करून उभी. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला.

"मावशी, पोरगी कुठं चालली?"

"परदेशात."

"मग थांबावंच लागतंय की!"

आता मी वेल्मारा नावाच्या शहरात. इथं रुळावर ट्राम पळतात, अन् रबरी टायरच्या ट्रॉलीबस. वर तारांचं जाळं, बसच्या टपावर दोन लांब दांड्या, त्या तारेला घासत करंट घेतात. मी ट्रॉलीबस चालवते. हाव, विष्णुपुरीच्या कॉलेजात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग करून ड्रायव्हर झाले. मला आवडतं, बास!

जिथं ट्रामची तार आमच्या तारेला कापते, तिथं हातभर तुकड्यात करंटच नसतो. तिथून वेगातच निघायचं, थांबलात की मेलात. मला शिकवणारा तोमाश हे रोज घोकून घ्यायचा. नोकरी पक्की व्हायच्या आधीची शेवटची फेरी, तोमाश शेजारी, अन् नेमकं त्याच चौकात एक म्हातारी हात करून पळत आली.

माझा पाय आपोआप ब्रेकवर!

म्हातारी चढली. गाडी ठार. लाईट, पंखे, सगळं बंद. जुनी गाडी, बॅटरी न्हाई. तोमाश लालबुंद. "हे तुझं गाव नाही," म्हणला. मागं ट्रामची रांग. मी लोकांना खाली उतरवलं, स्टेअरिंग धरलं अन् खिडकीतून मराठीतच ओरडले, "लावा जोर!" काय कळलं त्यांना कोण जाणे, कोटबिट घातलेली माणसं किनवटच्या जीपसारखी गाडी ढकलून राहिली! दांड्या पुढच्या तारेला टेकल्या, लाईट लागले, अन् लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझं पक्कं होणं लांबलं. पुन्हा चुकले तर घरी, असं ऑफिसनं सांगितलं. गावात बातमी गेली तर काका फोनवर हसून बेजार: "करंट शिकलीस अन् करंट न्हाई तिथंच थांबलीस व्हय गं?" बाबा म्हणले, "ये परत. लातुरात बघू कायतरी."

"न्हाई येत, बाबा."

मायनं फोन ओढून घेतला. "म्हातारीला घेतलंस का गाडीत?"

"हाव."

"मग बास की. रडायलीस कशाला?"

मी पुन्हा शिकले. अन् ऑफिसात जाऊन भांडले पण! त्या चौकाच्या पुढं, जिथं तारेत करंट हाय, तिथं एक स्टॉप द्या म्हणले. तोमाश म्हणला, असं कुणी मागत नसतं. मी म्हणलं, मी मागते. ज्यांनी गाडी ढकलली होती ते माझे रोजचेच प्रवासी, त्यातली बरीच जणं माझ्यासंगं आली, म्हातारी सगळ्यात पुढं.

आता माझी नोकरी पक्की हाय. त्या चौकापुढं स्टॉपचा एक पिवळा खांब हाय. कुणी हात केला तरच गाडी थांबते, न्हाईतर सरळ पुढं. तोमाशचीपण थांबते, कुरकुरत.

परत कधी येणार, असं विचारू नका. इथं हात वर केला की गाडी थांबते, मग हे माझं गाव न्हाई असं कोण म्हणतंय?

माय, तू आलीस अन् उशीर झाला, तर पळू नको. खांबापाशी उभी राहा. हात कर.