पुढचा मुंढा

गावात त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. तीस वर्षं एकाच खिडकीपाशी बसून त्यांनी निम्म्या गावाची मापं घेतली होती. कुणाचा डावा खांदा उतरता आहे, कुणाचं पोट कोणत्या साली सुटलं, हे त्यांना वही न उघडता सांगता यायचं. बायको काज-बटणं करायची. दोघांत बोलणं कमीच. पण मशीन थांबलं की धागा तुटलाय की मास्तरांचं डोकं भडकलंय, हे तिला मान वर न करता कळायचं.

चार वर्षांपूर्वी नदी फुगली आणि दुकानात कमरेइतकं पाणी शिरलं. मशीन गंजलं, गिऱ्हाइकांचं कापड चिखलात गेलं, मास्तरांनी हाय खाल्ली. तेव्हा गावातल्या छोट्या धंदेवाल्यांचा गट नुकताच उभा राहिला होता. बेकरीवाल्यानं भट्टीमागची कोरडी खोली त्यांना वापरायला दिली. सायकलवाल्यानं मशीन खोललं, एकेक पुर्जा रॉकेलमध्ये बुडवून घासला आणि आठवड्याभरात पुन्हा चालू करून दिलं. गटाचं सगळं बघायच्या त्या पोस्टातून निवृत्त झालेल्या ताई. त्यांनी मास्तरांना शेजारी बसवून मोबाइलवर ऑर्डर घ्यायला शिकवलं. मास्तरांचं बोट जाड, एका दमात तीन अक्षरं दाबायचं.

"घाई नाही मास्तर, पुन्हा," ताई म्हणायच्या. दहादा म्हणाल्या, पण कंटाळल्या नाहीत.

त्यामुळे ताई जेव्हा म्हणाल्या, "गावात शिवणारे तुम्ही एकटे. बाहेरच्या ऑर्डरी आपण परत पाठवतो. आठ बायकांना शिकवाल का?" तेव्हा मास्तर एका पायावर तयार झाले. खरंच झाले. मनात काळंबेरं घेऊन ते वर्गासाठी गटाच्या गोदामात शिरले नव्हते.

गोदामात लांब टेबलं मांडली होती. मास्तर फळ्यावर आखायचे, बायका जुन्या वर्तमानपत्रांवर आखून कापायच्या. पट्टी कशी धरावी, कात्री कापडातून पूर्ण न उचलता कशी चालवावी, इस्त्री कुठे दाबावी आणि कुठे नुसती टेकवावी, सगळं त्यांनी हातचं न राखता दाखवलं. आठांत एक उंच बाई होती. तिचा नवरा ट्रकवर ड्रायव्हर होता. पाठ मोडल्यापासून तो घरातच होता. ही कानामागे खडू अडकवून बसायची आणि सारखी विचारायची, "पण असंच का, मास्तर?" दुसऱ्या महिन्यात तिचा हात असा काही बसला, की तिची शिवण मास्तर दोनदा उलटसुलट करून बघायला लागले.

त्याच आठवड्यात मुंढ्याचा धडा आला. बाही जिथे जोडतात तो गोल म्हणजे मुंढा. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा अर्धा इंच खोल कापावा लागतो, कारण माणसाचे हात पुढे वळतात. दोन्ही सारखे कापले तर कपडा हँगरवर देखणा दिसतो, पण अंगात घालून हात पुढे केला की काखेत ओढतो. मास्तरांनी मागचा गोल आखला. मग वळून बघितलं. आठ माना खाली, आठ पेन्सिली चाललेल्या. त्यांना एकदम आठ दुकानं दिसली. खडू फळ्यावर क्षणभर अडला.

"पुढेही असाच," मास्तर म्हणाले, आणि तोच गोल पुन्हा आखला.

"असाच का?" उंच बाईनं विचारलंच.

"असाच असतो."

सहा महिन्यांनी शेजारच्या गावातल्या दवाखान्यानं गटाकडे सात पांढरे कोट सांगितले. ताईंनी ते काम उंच बाईला दिलं. तिची पहिली मोठी ऑर्डर, आणि बाह्यांचं पहिलंच काम. दहाव्या दिवशी सातच्या सात कोट परत आले. सुई टोचायला हात पुढे केला की कोट वर चढतो, अशी तक्रार होती.

ती कोटांचं गाठोडं घेऊन मास्तरांकडे आली. तिनं जाब विचारला असता तर बरं झालं असतं.

"मास्तर, तुमचं नाव घालवलं मी," ती म्हणाली. "जरा बघता का, कुठे चुकलं ते?"

मास्तरांनी एक कोट उलटा केला. टाके एका ओळीत, कॉलर धारदार. चूक कुठे आहे हे त्यांना हात न लावताही ठाऊक होतं. बाही उसवायची, पुढून अर्धा इंच कोरायचं, पुन्हा बसवायची. एका कोटाला अर्धा तास.

"हात बसायला वेळ लागतो," ते म्हणाले. "सगळ्यांचंच होतं असं सुरुवातीला."

तिनं मान डोलावली, गाठोडं बांधलं, पायरीवर चपला घालताना पुन्हा एकदा "माफ करा" म्हणाली आणि गेली.

बायको कोपऱ्यात काज करत होती. तिनं सुई कापडात खोचून ठेवली.

"पुढचा मुंढा शिकवलात ना त्यांना?"

मास्तर कात्रीचा खिळा घट्ट करू लागले. तो घट्टच होता.

"मी काय विचारतेय?"

"ऐकलं."

संध्याकाळी तिनं ताट नेहमीसारखं वाढलं, पण समोर बसली नाही. मास्तर भात नुसता कालवत राहिले. आपल्याला स्वतःच्या उस्तादानं चार वर्षं नुसती इस्त्री तापवायला लावली होती, कला अशी फुकट मिळत नाही, असं ते मनाशी घोळवून बघत होते. पण मग रॉकेलनं काळी झालेली सायकलवाल्याची नखं आठवायची आणि सगळं म्हणणं लुळं पडायचं.

चौथ्या दिवशी बेकरीवाल्यानं जाता जाता सांगितलं, "ड्रायव्हरची बायको गटानं दिलेलं मशीन परत करतेय म्हणे. मला जमणारं नाही म्हणाली. आज बैठकीत ठेवणार आहेत."

मास्तर बैठकीला गेले. जाताना दोनदा अर्ध्या रस्त्यातून वळले, दोनदा परत निघाले. गोदामात सगळा गट होता, शिकलेल्या आठही बायका होत्या. मशीन दाराशी फडक्यात बांधून ठेवलेलं. ताईंनी विषय काढला तसे मास्तर उठले आणि फळ्याकडे गेले. मागचा गोल आखला. मग त्यापेक्षा अर्धा इंच खोल दुसरा.

"हा पुढचा," ते म्हणाले. "मी मुद्दाम सांगितला नव्हता."

कुणी ओरडलं नाही. कुणीतरी बरंवाईट बोलावं म्हणून ते थांबले होते. सायकलवाला आपल्या हातांकडे बघत राहिला. बेकरीवाल्यानं खोकल्यासारखं केलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मास्तरांना झालं, आणि ते तसेच खडू धरून उभे राहिले.

"मी तुमच्याकडे आले होते," उंच बाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "कोट तुमच्या हातात होता."

"हो."

"मी माफी मागितली तुमची."

"हो," मास्तर म्हणाले. त्यांनी खडू खाली ठेवला.

"मी दुरुस्त करून देतो सगळे," ते म्हणाले.

"नको. मीच करीन." तिनं फळ्यापाशी येऊन तो गोल वहीत उतरवून घेतला आणि मशीनवरचं फडकं सोडलं.

बाकीच्या सातजणीही उतरवून घेऊ लागल्या. ताई एवढंच म्हणाल्या, "मास्तर, बाहीचाही पुढचा भाग तसाच कोरायचा का? तेही दाखवा." त्यांनी दाखवलं. गटानं त्यांना काढलं नाही, खोली परत मागितली नाही, पुढच्या वर्गालाही त्यांनाच बोलावलं. काढलं असतं तर घरी बसून चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

कोट दवाखान्यानं ठेवून घेतले. वर्षभरात उंच बाईनं बसथांब्याजवळ दुकान काढलं. उद्घाटनाला सगळा गट होता. मास्तर मागे उभे राहिले. तिनं सगळ्यांना दिला तसा त्यांनाही चहा दिला, "या मास्तर" म्हणाली आणि दुसऱ्यांकडे वळली. हँगरवर एक शर्ट होता. कुणाचं लक्ष नाही असं बघून मास्तरांनी त्याच्या मुंढ्यावरून बोट फिरवलं.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "कसं आहे दुकान?"

"काम चोख आहे."

"तिला सांगितलंत?"

मास्तरांनी टोपी खुंटीला लावली आणि ती पुन्हा सरळ केली.

"नाही झालं," ते म्हणाले.