पाचव्या शीलाचा आवाज

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाल्याच्या दुधात बोट बुडवून पाहणारी मी. नवऱ्याला बरी सोडीन!

हे आष्टीच्या शाळेत मास्तर. दर पौर्णिमेला विहारात पंचशील सांगायचं तेही ह्यांनीच. हे पुढं म्हणायचे, आम्ही सगळे मागून. शीलं पाच, आणि शेवटचं दारूपासून लांब राहण्याचं. बहात्तरचा दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा ह्यांचा उजवा हात थरथर कापू लागला. स्वस्थ बसले की अंगठा बोटावर घासत राहायचा. हातातली कपबशी वाजायची. चालताना पाय फरफटायचा. हसणं तर चेहऱ्यावरून पुसूनच गेलं. अजून पन्नाशीही गाठली नव्हती.

विहारात चार शीलं कशीबशी व्हायची आणि पाचव्याला ह्यांचा आवाज बसायचा. नुसतं पुटपुटणं. बायका एकमेकींकडं बघायच्या. एक म्हातारी मला तोंडावर म्हणाली, "मास्तर पाचवं गिळून राह्यले, बाई. मन खात असंल."

माझ्या डोक्यात तेच बसलं. ह्यांच्या तोंडाचा वास घेतला, ट्रंक उचकली, कोटाचे खिसे हुंगले. काही सापडेना, म्हणून संशय अजून वाढला. त्यात हे शाळा सुटल्यावर तासभर उशिरा यायला लागले. विचारलं तर म्हणे, काम होतं. शेवटी विहाराचा कारभार बघणाऱ्या काकांना मीच हळूच सांगितलं, "घरातबी हात कापतो त्यांचा. तुम्हीच बघा काय ते."

पुढच्या पौर्णिमेला दुसऱ्याच माणसाला पुढं बसवलं. हे उठून मागच्या रांगेत गेले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "काकांना कुणी सांगितलं असंल गं?"

"मला काय ठाऊक?" मी भाकरी थापत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी मी ह्यांच्या मागावर गेले. रंगेहाथ धरायचंच होतं. खिडकीतून डोकावले तर हे एकटेच फळ्यापुढं, हातात खडू. ओळ ठळक सुरू व्हायची, मग अक्षर बारीक होत होत शेवटाला मुंगीएवढं व्हायचं. पुसायचे, पुन्हा लिहायचे. नोकरी जाईल या भीतीनं माणूस रोज लपून अक्षर गिरवत होता. मला रडू फुटलं. स्वतःची लाजही वाटली.

मीच ह्यांना औरंगाबादला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त काढलं नाही की फोटो काढला नाही. ह्यांना चालायला लावलं, मनगट वाकवून पाहिलं, चार ओळी लिहून घेतल्या. दारूचं मीच विचारलं.

"दारूचा काही संबंध नाही," ते म्हणाले. "याला पार्किन्सन म्हणतात. मेंदूत एक रसायन कमी पडतं. का, ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही. अक्षर बारीक होतं तसा आवाजही बोलता बोलता खाली जातो. गोळ्यांनी आराम पडेल, पण मुळापासून जाणार नाही."

म्हणजे पाचवं शील शेवटचं होतं, बाकी काही नव्हतं. ते पहिलं असतं तर कुणाला शंकाही आली नसती.

गोळ्यांनी हात बराच थांबला. डॉक्टरांचं म्हणणं मी काकांच्या कानावर घातलं. ते स्वतः घरी आले, हात जोडले, "मास्तर, तुम्हीच पुढं बसा." कुणाच्या सांगण्यावरून उठवलं होतं, ते त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही.

पौर्णिमेला मी पुढच्याच रांगेत बसले. तीन शीलं झाली. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. सगळे मागून म्हणाले. माझ्या तोंडून शब्द फुटेना. ह्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. त्या चेहऱ्यावरून काही ओळखायची सोय आता राहिली नव्हती.

पाचव्याकडं न जाता ह्यांनी चौथं पुन्हा एकदा म्हटलं, आणि माझ्यासाठी थांबले.