नर्सच्या नावाचा नारळ

एकाहत्तरचं युद्ध संपलं आणि पुढचा उन्हाळा लागला तेव्हा मला रजा मिळाली. कराडला रेल्वेतून उतरून मी एसटी धरली. आमचं गाव कडेगावच्या अलीकडं. ऊस आणि फौज या दोन गोष्टींवर ते उभं राहिलेलं. घरटी एक तरी माणूस पलटणीत होता. बाई मात्र मी एकटीच, आणि तीही लेफ्टनंट.

स्टँडवर काका घ्यायला आले होते. ते हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सांगलीला नर्सिंगचं शिक्षण संपवून मी लष्करात अर्ज केला तेव्हा वडील बोलायचेच बंद झाले होते. त्यांची समजूत काकांनीच घातली होती. वडिलांना दाखवायचा म्हणून मी गणवेशातच आले होते. मी एसटीतून उतरले, तसे काका माझ्या खांद्यावरच्या दोन ताऱ्यांकडं बघत राहिले. मग टाचा जुळवून त्यांनी कडक सलाम ठोकला. सगळा स्टँड बघायला लागला. मला भारी संकोच वाटला, पण सलाम परत केला नसता तर तो त्यांचा अपमान झाला असता. मी केला. त्यावर ते म्हणाले, "झालं तेवढं. आता मी तुझा काका. आण ती ट्रंक हिकडं."

गावात जवानांच्या सत्काराची तयारी चालली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंच घरी आले. ते वडिलांच्या वयाचे, आम्ही सगळे त्यांना आबाच म्हणायचो. चहा घेता घेता म्हणाले, "पोरी, तू आलीस ते बरं झालं. जवानांना ओवाळायला बायका उभ्या करायच्या हायत. त्यांचं तेवढं तू बघ."

"बघते की," मी म्हणाले. "पण आबा, माझ्या नावाचाबी नारळ काढा."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. "अगं, हा लढाईवर गेलेल्यांचा सत्कार हाय."

"मीबी तिथंच हुते. दोन-तीन आठवडं आमी बूट काढलं न्हाईत पायातलं."

वडील खाली बघत होते. काका मिशीत हसत होते. सरपंच भला माणूस. "बघू, पंचांना इचारतो," म्हणून ते उठले. मागून आई म्हणाली, असं तोंडानं मागून घेतात का? मी म्हटलं, न मागता कुणाच्या ध्यानात येणार होतं?

आणि ते खरंच कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या दोन दिवसांत पारावर मी लढाईच्या पुष्कळ गोष्टी ऐकल्या. रणगाड्यांच्या, विमानांच्या. रणगाडा फुटल्यावर आतल्या माणसाचं पुढं काय होतं, हे कुणी सांगत नव्हतं. ते मला माहीत होतं. पंजाबातल्या आमच्या दवाखान्यात गाड्या भरून माणसं यायची. खिडक्यांना काळे कागद लावलेले, थंडी मरणाची. भाजलेल्याचे कपडे कातडीला चिकटलेले असत, ते ओले करून कापून काढावे लागत. कुणाची शुद्ध हरपलेली, कुणी नको इतका शुद्धीवर. एकदा स्ट्रेचरवरून आवाज आला, "आय गं, लय दुखतंय." मी हातातलं काम न सोडता विचारलं, "कुठलं गाव रं तुझं?" तो कण्हायचा थांबला. "आटपाडी," म्हणाला. "तुमी हिकडं कशा?" पुढं त्याचा पाय काढावा लागला, पण तो जगला. शस्त्रक्रियेला नेईपर्यंत आम्ही आटपाडीच्या शेळ्यामेंढ्यांवर बोलत होतो.

हे काम मला जमत होतं आणि ते चांगलं जमत होतं, हे सांगायला मी कधी लाजले नाही.

सत्काराच्या आदल्या दिवशी दुपारी वरच्या आळीतली मावशी आली. तिचा मुलगा याच युद्धात जखमी होऊन दवाखान्यात वारला होता. मागं आता एक मुलगीच राहिली होती. गावात सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलत, आणि तिच्या मुलाचं नाव तर कुणी काढतच नसे. ती भिंतीला टेकून बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "तू त्याला बघितलास का?"

"न्हाई मावशी. त्याचा दवाखाना येगळा, लांबचा. मी खोटं सांगनार न्हाई."

तिनं मान हलवली. "मग एवढं सांग. तिथं त्याच्याजवळ कोन असंल?"

"माझ्यासारखी एक नर्स असंल."

"ती काय करत असंल?"

हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. माणूस आला की आधी त्याचा चेहरा पुसतो. तहान लागलेली असते, पण पोटाला जखम असेल तर पाणी देता येत नाही, मग ओल्या कापसानं ओठ भिजवतो. दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन देतो. आता वाचणार नाही असं दिसलं तर एकीनं तरी त्याच्याशेजारी थांबायचं. गर्दीत ते प्रत्येक वेळी साधत नाही, हेही मी सांगितलं.

"आन् मरताना काय बोलत्यात?"

"आईला हाक मारत्यात बहुतेक. मग आमी व्हय म्हनतो."

मग तिनं आपला हात पुढं केला. "कसा धरता, दाखव."

मी तिचा हात दोन्ही हातांत घेतला, आम्ही धरतो तसा, अंगठा मनगटावर ठेवून. तिच्या तळव्याला उसाच्या पाचटानं चिरा पडल्या होत्या. तिनं डोळे मिटले. ती रडली नाही, मीच रडले. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, तिनंही डोळ्यांना पदर लावला.

थोड्या वेळानं मावशीनं विचारलं, "तिकडच्या शिपायांनाबी बघायला लागतं म्हनं?"

"व्हय. कैद झालेलं जखमी पाकिस्तानी आमच्याकडं हुतं. त्यांचीबी पट्टी करायचो."

"त्येबी आयलाच हाका मारत असतील," ती म्हणाली आणि पदर सावरून उठली.

सत्कार शाळेच्या पटांगणात झाला. आधी मावशीला वर बोलावलं, मग जवानांना. सगळ्यात शेवटी सरपंचांनी माझं नाव पुकारलं आणि म्हणाले, "या पोरीनं स्वताच्या हातानं गोळ्या काढून जवान वाचवलं." टाळ्या पडल्या. मी नारळ घेतला आणि माईकजवळ गेले. "गोळ्या डॉक्टर काढतात," मी सांगितलं. "आम्ही माणूस धुतो, त्याला औषध देतो, पट्टी करतो, त्याच्यापाशी बसतो. त्याशिवाय कुणी वाचत नाही." एवढं बोलून मी खाली उतरले. गावात आजही गोळ्यांचीच गोष्ट सांगतात. भेटेल त्याला मी दुरुस्त करते. काही जण ऐकतात.

पुढं दुष्काळ आला. तो सरल्यावर मी पुन्हा रजेवर आले, तर मावशी मुलीला घेऊन दारात हजर. मुलगी मॅट्रिक झाली होती. "हिला तुझ्यासारखी करायची," मावशी म्हणाली. भावकीचा विरोध होता. एक लेकरू गेलं, आता दुसरंही घालवणार का, असं लोक तोंडावर विचारत. मावशीनं कुणाला जुमानलं नाही.

त्या दोघींना मी सांगलीला घेऊन गेले. मुलाखतीत मुलीला विचारलं, रक्त बघून चक्कर येते का? ती म्हणाली, "अजून बघितलं न्हाई, पन येनार न्हाई." तिला घेतलं. वसतिगृहात तिला सोडून आम्ही दोघी स्टँडवर आलो. एसटीला वेळ होता. मी भडंग घेतला आणि आम्ही बाकावर बसून खाल्ला.

खाता खाता मावशी मुलाविषयी बोलायला लागली. तो विहिरीत कसा सूर मारायचा, पहिल्या रजेवर येताना तिच्यासाठी काश्मिरी शाल कशी आणली, आणि एवढ्या उन्हात ती पांघरून गावभर हिंडायला कसं लावलं. हे सांगताना ती हसत होती. त्याचं नाव तिनं चार-पाच वेळा तरी मोठ्यानं घेतलं. एसटी लागली तरी तिचं बोलणं चालूच होतं.