लेण्यातला कापूस

अमेरिकेत लढाई पेटली आणि पातूरच्या लेण्यात मला पाय ठेवायला जागा उरली नाही. हे सांगितलं की माझी नातवंडं हसतात, पण झालं ते असंच. तिकडून विलायतेला जाणारा कापूस थांबला आणि वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव चढला की गावातली कोठारं, ओसऱ्या सगळं भरून गेलं. आमच्या पाटलांनी उरलेला कापूस गावाबाहेरच्या टेकडीतल्या जुन्या लेण्यात नेऊन टाकला. भाव आणखी चढेल म्हणून ते थांबले होते.

मी तिथल्या सरकारी शाळेत मास्तर होतो आणि जुन्या दगडांचं मला वेड होतं. शाळा सुटली की मी लेण्यात. आतल्या भिंतीवर एक कोरीव ओळ होती. अमरावतीच्या एका पंडितांनी जुन्या अक्षरांचा तक्ता उतरवून पाठवला होता, त्यावरून मी ती अर्धी लावली होती. तेवढ्यावरच ‘ओळीत अमक्या राजाचं नाव आहे’ असं मी त्यांना कळवून मोकळा झालो. उतावळेपणा माझ्या अंगातच होता. त्यांनी खूश होऊन मला अमरावतीच्या विद्वानांच्या सभेत निबंध वाचायला बोलावलं. निबंध लिहूनही झाला. पाहायची राहिली होती ती ओळीची उरलेली बाजू, जिच्यात ते नाव असायला हवं होतं, आणि ती नेमकी कापसाच्या ढिगामागं. सभा आठ दिवसांवर आली होती.

दगडापायी कापूस हलवा म्हटलं तर सगळं गाव मला वेड्यात काढील, या भीतीनं मी गप्प होतो. पण माझ्या हातात एक गोष्ट होती. अकोल्याहून परतणाऱ्या गाड्यांबरोबर मुंबईचं वर्तमानपत्र यायचं आणि चावडीवर मी ते वाचून दाखवायचो. कापूस विकायचा की ठेवायचा, हे पाटील त्यावरून ठरवत. ‘लढाई संपत आली’ एवढं एकच वाक्य पदरचं घातलं असतं, तर दोन दिवसांत लेणं रिकामं झालं असतं. घरी मी ते वाक्य मोठ्यानं म्हणूनही पाहिलं. फार झकास जमलं.

चावडीवर मात्र पाटील समोर येऊन बसले, कान देऊन, आणि माझी जीभ वळेना. मी पत्रात होतं तेच वाचलं: लढाई चालूच आहे, इतक्यात थांबायचं चिन्ह नाही. सगळे खूश झाले. मी तोंड पाडून उठलो. पाटलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा राहवलं नाही. लेणं, सभा, मनात आणलेलं खोटं, सगळं सांगून टाकलं.

आपली इथली पत संपली, असं मला वाटलं.

“ढीग बाजूले करा म्हणून सांगाले काय झालं होतं?” ते म्हणाले. “काहून नाही बोलले?”



दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांचे गडी कापूस दुसऱ्या कोपऱ्यात लोटत होते. कापसापाशी दिवा न्यायची सोय नव्हती, म्हणून पाटलीणबाईंनी घासून दिलेली पितळी परात लेण्याच्या दारात धरून पाटील स्वतः आत ऊन पाडत होते. भिंत उघडी पडली आणि मी जागच्या जागी उडीच मारली. कापसाचे तंतू कोरलेल्या रेघांत अडकून बसले होते. एरवी डोळे ताणूनही न दिसणारी अक्षरं पांढरी होऊन समोर उभी होती. ज्या कापसाला आठवडाभर शिव्या घातल्या, त्यानंच माझं काम सोपं केलं होतं. मी भराभर वाचत सुटलो. शेवटी दोन अक्षरांच्या जागी दगडाचा टवका उडाला होता. तिथं क्षणभरही न थांबता मी राजाचं नाव पुरं करून मोठ्यानं म्हटलं.

“मास्तर,” परात तशीच धरून पाटलांनी विचारलं, “तिथं लिवलं हाये ते वाचून राहिले, का तुमाले पायजे ते?”

आधी मला त्यांचा राग आला. मग मी पुढं होऊन टवक्यावर बोट फिरवलं. तिथं रेघ नव्हती आणि कापूसही अडकला नव्हता.

अमरावतीला जाताना बैलगाडीतच निबंधाची शेवटची तीन पानं मी काढून ठेवली. सभेत ओळ वाचली आणि पुढची दोन अक्षरं उडाली आहेत, राजाचं नाव सांगता येत नाही, असं म्हणून खाली बसलो. पंडितांच्या चेहऱ्याकडे बघवेना. बाकीच्या विद्वानांनी मला पुष्कळ प्रश्न विचारले, पण त्यातले बहुतेक पातूरकडच्या कापसाविषयी होते.

परतल्यावर चावडीवर पाटलांनी काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. वाईट वाटलं, हेही सांगितलं. मी नसताना नवं वर्तमानपत्र आलं होतं. गावात उतरलेला एक कारकून ते वाचून दाखवायला तयार होता, पण पाटलांनी वर्तमानपत्राची घडीसुद्धा मोडू दिली नव्हती. ती घडी त्यांनी माझ्यापुढं सरकवली.

“वाचा, मास्तर.”